शीतप्रदेशातील तळतापन : बंद संचाची हिवाळ्यातील निगा

पाणी गोठले की त्याचे आकारमान वाढते, हा पदार्थविज्ञानाचा नियम शालेय पाठ्यपुस्तकातून सर्वांच्या परिचयाचा झालेला आहे. महाराष्ट्रात या नियमाचा प्रत्यय क्वचितच येतो. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या परिसरात एखाद्या पहाटे दवबिंदू गोठलेले दिसतात, किंवा फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात विसरलेली पाण्याची भरलेली बाटली तडकते, एवढाच आपला अनुभव. परंतु कॅनडा, अमेरिकेची उत्तरेकडील राज्ये, उत्तर युरोप यांसारख्या शीतप्रदेशांत हाच साधा नियम दर हिवाळ्यात घरांची हानी करीत असतो. घराच्या जमिनीखाली नळ्या बसवून त्यांतून कोमट पाणी खेळविण्याची जी व्यवस्था तेथे रूढ आहे, ती वापराविना पडून असेल तर हा धोका अधिकच वाढतो. वापरात नसलेल्या वस्तूला काय होणार, असा समज सर्वत्र आढळतो. या व्यवस्थेच्या बाबतीत मात्र तो समज महागात पडतो.

या विषयाशी मराठी माणसाचाही संबंध आहे. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांना एकत्र आणणाऱ्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९८१ साली झाली. त्याच्या आधीपासून आणि नंतरही हजारो मराठी कुटुंबे त्या खंडात स्थायिक झाली. नाताळच्या सुट्टीत ही कुटुंबे आप्तस्वकीयांना भेटण्यासाठी महाराष्ट्रात येतात आणि नेमक्या कडाक्याच्या थंडीत तेथील घर तीन-चार आठवडे कुलूपबंद राहते. मुलांकडे राहावयास गेलेल्या आईवडिलांवर कधीकधी घर सांभाळण्याची जबाबदारी येते. अशा सर्वांना या व्यवस्थेची आणि तिच्या निगेची माहिती असणे उपयुक्त ठरेल.

तळतापन म्हणजे काय ?

जमीन उबदार करून तिच्याद्वारे खोली उबदार ठेवण्याची कल्पना फार प्राचीन आहे. रोमन लोक आपल्या स्नानगृहांची जमीन लहान खांबांवर उचलून धरीत आणि खालच्या पोकळीतून भट्टीची गरम हवा जाऊ देत. कोरियातील ओंडोल या पद्धतीत चुलीतील धूर आणि उष्णता दगडी फरशीखालून नेली जाते. आधुनिक काळात धुराची जागा पाण्याने घेतली. अमेरिकन वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट यांनी विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे १९३७ साली पूर्ण झालेल्या जेकब्स कुटुंबाच्या घरात जमिनीखाली नळ्या घातल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कनजीक उभारलेल्या लेव्हिटटाउन या वसाहतीतील घरांत काँक्रीटच्या जमिनीत तांब्याच्या नळ्या बसविण्यात आल्या. पुढे जर्मन शास्त्रज्ञ थॉमस एंगेल यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस एका विशेष प्रकारच्या चिवट पॉलिएथिलिनची निर्मितिपद्धती विकसित केली. ‘पेक्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नळ्या लवचीक असतात, गंजत नाहीत आणि मोठमोठ्या वेटोळ्यांच्या स्वरूपात सांध्याविना जमिनीत पसरता येतात. त्यांच्यामुळे तळतापनाचा प्रसार झपाट्याने झाला.

या व्यवस्थेचे घटक असे असतात : पाणी तापविणारा बॉयलर, ते फिरविणारा पंप, तापल्यावर वाढणाऱ्या पाण्यास जागा देणारी प्रसरण टाकी, दाब मर्यादेबाहेर गेल्यास उघडणारी सुरक्षा झडप आणि पाण्याची वाटणी करणारा ‘मॅनिफोल्ड’. या मॅनिफोल्डमधून प्रत्येक खोलीकरिता स्वतंत्र नळी निघते, जमिनीत नागमोडी वळणे घेत फिरते आणि परत त्याच ठिकाणी येऊन मिळते. अशा एका फेऱ्यास वेटोळे म्हटल्यास एका घरात आठ-दहा वेटोळी सहज असतात. हे पाणी पिण्याच्या पाण्यापासून वेगळे असते. बंद मार्गातून तेच तेच पाणी फिरत राहते. विजेच्या तारांनी जमीन तापविण्याचीही पद्धत आहे. तीत पाणीच नसल्यामुळे गोठण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

बर्फाची शक्ती

पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वाधिक घन असते. त्याखाली ते किंचित प्रसरण पावू लागते आणि शून्य अंशाला बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. जमिनीत घालण्याच्या अर्धा इंची नळीचे एक वेटोळे सुमारे ९० मीटर लांब धरले, तर त्यात साधारण १० लिटर पाणी मावते. त्याचा बर्फ झाल्यास जवळजवळ एक लिटर अधिक जागा लागेल. ही जागा मिळाली नाही तर दाब वाढत जातो. पूर्णपणे कोंडलेल्या पाण्याच्या बाबतीत हा दाब उणे २२ अंशांपर्यंत वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २००० पट होऊ शकतो. घरगुती संच मात्र एक-दोन वातावरणाइतक्याच दाबावर चालविला जातो.

या शक्तीचा एक उल्लेखनीय प्रयोग कॅनडातील क्यूबेक येथे १७८४ व १७८५ साली झाला. ब्रिटिश तोफखान्यातील मेजर एडवर्ड विल्यम्स यांनी तोफेचे पोकळ लोखंडी गोळे पाण्याने भरून, तोंडाशी घट्ट बूच ठोकून ते उघड्यावर थंडीत ठेवले. काही गोळ्यांची बुचे चारशे फुटांहूनही दूर उडाली, तर बूच पक्के बसलेले गोळे फुटले. जेथे जाड लोखंडाचा टिकाव लागला नाही, तेथे पितळी झडपेचा किंवा पंपाच्या बिडाच्या कवचाचा काय पाड लागणार ?

येथे एक बाब विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. नळी जेथे फुटते तेथे बर्फ असतोच असे नाही. इलिनॉय विद्यापीठाच्या बिल्डिंग रिसर्च कौन्सिलने १९९० च्या दशकात केलेल्या अभ्यासातून ही प्रक्रिया स्पष्ट झाली. नळीत एखाद्या थंड जागी प्रथम बर्फाचे बूच तयार होते. ते वाढू लागले की पुढील पाण्यास ढकलते. पुढे झडप बंद असेल, तर बूच आणि झडप यांच्यामध्ये अडकलेले पाणी दाबले जात नसल्यामुळे तेथील दाब एकदम चढतो आणि सर्वांत दुर्बळ जागा फुटते. ती जागा बर्फापासून कित्येक फूट दूर असू शकते. थंडीच्या रात्री घरातील नळ किंचित गळता ठेवण्याची शीतप्रदेशातील प्रथा याच कारणाने शास्त्रीय ठरते, कारण त्या वाटेने वाढलेला दाब निघून जातो.

न वापरलेला संच अधिक धोक्यात का ?

तळतापनाचा संच पाण्याने भरलेला, पण बंद राहण्याचे प्रसंग तीन प्रकारचे असतात. पहिला, नव्या बांधकामाचा. काँक्रीट ओतण्यापूर्वी नळ्यांत पाणी भरून दाबाची चाचणी घेतली जाते, बॉयलर बसविण्याचे काम पुढे ढकलले जाते आणि तेवढ्यात हिवाळा येतो. दुसरा, गॅरेज किंवा कार्यशाळेचा. पुढेमागे उपयोगी पडतील म्हणून नळ्या घालून ठेवलेल्या असतात, पण त्यांची आठवण राहत नाही. तिसरा, उन्हाळी बंगल्याचा किंवा प्रवासाला गेलेल्या कुटुंबाच्या घराचा.

या तिन्ही प्रसंगी पाणी स्थिर असते आणि त्याला कोठूनही उष्णता मिळत नाही. त्यातच अनेकजण खबरदारी म्हणून मॅनिफोल्डवरील सर्व झडपा बंद करून टाकतात. पाण्याने भरलेल्या वेटोळ्याच्या दोन्ही बाजू अशा बंद केल्या, की प्रसरण टाकी आणि सुरक्षा झडप यांच्याशी त्याचा संबंध तुटतो. वाढणाऱ्या बर्फास वाट देणारे दोन्ही मार्ग सुरक्षेच्या समजुतीनेच बंद केले जातात. पाणी न काढता नुसत्या झडपा फिरविणे हा संरक्षणाचा उपाय नव्हे, हे निक्षून सांगितले पाहिजे.

जमिनीतील सर्व भाग सारखा थंड होत नाही. काँक्रीट आणि त्याखालची माती बराच काळ ऊब धरून ठेवतात, त्यामुळे मध्यभागातील नळ्यांना अवधी मिळतो. बाहेरच्या भिंतीलगतची कड, आणि विशेषतः गॅरेजच्या मोठ्या दाराच्या उंबऱ्यालगतची पट्टी मात्र लवकर गोठते. पेक्सच्या नळ्या लवचीक असल्यामुळे गोठणे काही प्रमाणात सोसतात, हे खरे आहे. परंतु त्यांना जोडणारे पितळी सांधे, मॅनिफोल्ड, पंप आणि बॉयलरच्या आतील नळ्यांची जाळी यांना तशी लवचीकता नसते. पेक्सची नळीदेखील काँक्रीटमध्ये चहूबाजूंनी आवळलेली असते, म्हणून तिच्या चिवटपणावर सर्वस्वी विसंबून राहता येत नाही. भिंतीवरील नळ फुटला तर तो बदलता येतो. जमिनीच्या पोटातील नळी फुटली तर गळतीची जागा शोधून फरशी आणि काँक्रीट फोडावे लागते. काही वेळा ते संपूर्ण वेटोळे कायमचे सोडून द्यावे लागते.

यावर उपाय तीनच आहेत : पाणी उबदार ठेवणे, पाणी काढून टाकणे किंवा पाणी बदलणे. हिवाळ्यापूर्वी यांपैकी एकाची निवड झालीच पाहिजे.

उपाय पहिला : पाणी उबदार ठेवणे

घर थोड्या दिवसांसाठी बंद राहणार असेल, तर संच चालूच ठेवून थर्मोस्टॅट खाली आणणे हा सर्वांत सोपा मार्ग होय. घर रिकामे असतानाही तापमान १३ अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ देऊ नये, अशी सर्वसाधारण शिफारस आहे. केवळ हवेचे तापमान मोजणाऱ्या थर्मोस्टॅटला जमिनीच्या कडेची थंडी कळत नाही. म्हणून जमिनीचे तापमान मोजणारा संवेदक असल्यास अधिक चांगले. काही नियंत्रकांत ठरावीक तापमानाखाली पंप आपोआप सुरू करण्याची सोय असते.

या उपायाचा दोष असा की तो वीज आणि इंधन यांच्या अखंड पुरवठ्यावर अवलंबून असतो. जानेवारी १९९८ मधील गोठणाऱ्या पावसाच्या वादळात क्यूबेक आणि ओंटारिओ प्रांतांतील लाखो लोकांची वीज गेली आणि काही ठिकाणी ती कित्येक आठवडे आली नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास या एरवी उष्ण असलेल्या राज्यात थंडीच्या लाटेने ४५ लाखांहून अधिक घरे व आस्थापने अंधारात गेली. नळ फुटून झालेले नुकसान तर सर्वदूर होते. यास्तव घर बंद असताना एखाद्या शेजाऱ्याने दररोज फेरी मारणे, किंवा तापमान उतरताच दूरध्वनीवर सूचना देणारे उपकरण बसविणे श्रेयस्कर ठरते.

उपाय दुसरा : पाणी काढून टाकणे

संपूर्ण हिवाळाभर संच वापरावयाचा नसेल, तर तो रिकामा करणे योग्य. मात्र खालचा नळ उघडला की पाणी आपोआप निघून जाईल, असे मानता येत नाही. जमिनीतील नळ्या आडव्या असतात. त्यांना उतार नसल्यामुळे बॉयलर आणि उभ्या नळ्या रिकाम्या झाल्या, तरी वेटोळी भरलेलीच राहतात. त्यांतील पाणी हवेच्या दाबाने बाहेर काढावे लागते.

या कामाचा क्रम असा असावा. प्रथम बॉयलरची वीज व इंधन बंद करून तो थंड होऊ द्यावा. नंतर बाहेरून पाणी भरणारी झडप बंद करावी आणि संचातील दाब उतरवून बॉयलर व पंप रिकामे करावेत. त्यानंतर मॅनिफोल्डवर एक वेटोळे सोडून बाकी सर्व बंद करावीत. त्या वेटोळ्याच्या एका बाजूस कॉम्प्रेसर जोडावा आणि दुसऱ्या बाजूस रबरी नळी जोडून तिचे तोंड बादलीत सोडावे. पाण्याची धार संपून तुषार येऊ लागतील आणि अखेरीस केवळ हवा येईल, तोपर्यंत हवा सोडत राहावे. याप्रमाणे एकेक वेटोळे रिकामे करावे आणि शेवटी पहिल्यापासून पुन्हा एक फेरी करावी, कारण नळ्यांच्या भिंतींवरील पाणी दरम्यान खाली साठलेले असते.

येथे अधिक दाबापेक्षा अधिक हवा महत्त्वाची असते. लहान कॉम्प्रेसरची हवा पाण्याच्या वरून निसटून जाते आणि पाणी तळाशी तसेच राहते. उलट दाब फार वाढविल्यास सांधे निखळण्याचा संभव असतो. म्हणून नळ्या बनविणाऱ्याने घालून दिलेली मर्यादा पाळावी. नळीत विखुरलेले थोडे पाणी राहिले तर ते गोठूनही अपाय करीत नाही, कारण त्याला वाढण्यास रिकामी जागा असते. धोका असतो तो सखल जागी एकवटलेल्या पाण्याचा. गोल दट्ट्याच्या झडपेच्या पोटातही थोडे पाणी अडकते. अशा झडपा शेवटी अर्धवट उघड्या ठेवाव्यात. सर्व काम झाल्यावर ‘संचात पाणी नाही, बॉयलर सुरू करू नये’ अशी ठळक पाटी बॉयलरवर लावावी. रिकामा बॉयलर अनवधानाने पेटविला गेला, तर गोठण्याइतकेच नुकसान होते.

नव्या बांधकामात तर पाणी भरण्याचा मोहच टाळावा. थंडीच्या दिवसांत दाबाची चाचणी हवेने घेतल्यास पुढील सर्व काळजी मिटते. मात्र त्याकरिता नळ्यांच्या उत्पादकाची संमती आणि जाणकाराची देखरेख असावी.

उपाय तिसरा : पाणी बदलणे

संच भरलेला ठेवणे आवश्यक असेल, तर पाण्यात गोठणरोधक द्रव मिसळला जातो. याकरिता प्रॉपिलिन ग्लायकॉल हे रसायन वापरतात. पाण्यात त्याचे आकारमानाने ३० टक्के प्रमाण असल्यास मिश्रण सुमारे उणे १३ अंशांपर्यंत, ४० टक्के असल्यास सुमारे उणे २१ अंशांपर्यंत आणि ५० टक्के असल्यास सुमारे उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहते. त्या-त्या ठिकाणच्या नीचांकी तापमानाचा विचार करून प्रमाण ठरवावे. ठरलेल्या तापमानाखाली गेल्यावरही हे मिश्रण एकदम दगडासारखे घट्ट होत नाही. त्याचा बर्फमिश्रित लगदा होतो आणि तो सरकू शकत असल्यामुळे नळी फुटण्यापासून आणखी काही अंश संरक्षण मिळते.

मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालण्याचा गोठणरोधक द्रव मात्र येथे कदापि वापरू नये. त्यात बहुधा एथिलिन ग्लायकॉल असते आणि ते विषारी आहे. त्याची चव गोडसर असल्याने लहान मुले व पाळीव प्राणी यांना विशेष धोका संभवतो. शिवाय त्यातील काही घटकद्रव्यांचे थर पंप व बॉयलरमध्ये साचतात. तळतापनाकरिता बनविलेल्या, गंजरोधक द्रव्ये मिसळलेल्या प्रॉपिलिन ग्लायकॉलचाच वापर करावा आणि त्यात क्षारविरहित पाणी मिसळावे. हे मिश्रण पिण्याच्या पाण्यात उलट शिरू नये म्हणून जोडणीच्या ठिकाणी प्रतिबंधक झडप असणे अगत्याचे आहे.

ग्लायकॉल एकदा भरले की काम संपले, असेही नाही. कालांतराने ते आम्लधर्मी बनते आणि धातूस खाऊ लागते. म्हणून दरवर्षी हिवाळ्यापूर्वी मिश्रणाची आम्लता तपासावी आणि त्याचे प्रमाण रिफ्रॅक्टोमीटर या उपकरणाने मोजावे. आणखी एक धोका सहसा लक्षात येत नाही. बाहेरून पाणी आपोआप भरणारी झडप उघडी राहिली आणि संचात कोठे बारीक गळती असली, तर गळून गेलेल्या मिश्रणाच्या जागी साधे पाणी येत राहते. दाबमापकाचा काटा स्थिर दिसतो, पण मिश्रण पातळ होत जाते आणि संरक्षण नकळत नाहीसे होते. ग्लायकॉल भरलेल्या संचात ही झडप बंदच ठेवावी.

या उपायाची किंमतही मोजावी लागते. मिश्रणाची उष्णता वाहून नेण्याची क्षमता पाण्यापेक्षा कमी असते आणि ते दाट असल्याने पंपावर अधिक भार पडतो. दहा वेटोळ्यांच्या संचात शंभर लिटरच्या आसपास द्रव मावत असेल, तर ४० टक्के प्रमाणासाठी केवळ जमिनीतील नळ्यांनाच सुमारे ४० लिटर ग्लायकॉल लागेल.

संच गोठला असल्यास

सर्व काळजी घेऊनही संच गोठल्याची शंका आल्यास घाईने बॉयलर सुरू करू नये. वाट बंद असताना तापणारे पाणी नवा दाब निर्माण करते. प्रथम मॅनिफोल्डच्या झडपा उघडून दाबास वाट करून द्यावी आणि खोली हळूहळू उबदार करावी. नळ्यांजवळ उघडी ज्योत नेऊ नये. काँक्रीटच्या पोटातील बर्फ वितळण्यास कित्येक दिवस लागू शकतात, कारण एक ग्रॅम बर्फ वितळविण्यास ८० कॅलरी उष्णता लागते. बर्फ असेपर्यंत फुटलेली नळीदेखील गळत नाही. गळती सुरू होते ती वितळल्यानंतर. म्हणून सर्व बर्फ वितळल्याची खात्री झाल्यावर प्रत्येक वेटोळ्यात हवेचा दाब देऊन तो टिकतो की नाही, हे पाहावे आणि नंतरच पाणी भरावे.

योग्य वेळी दक्षता

कोणता उपाय कोणी योजावा, हे घराच्या वापरावरून ठरते. चार आठवड्यांसाठी मायदेशी येणाऱ्या कुटुंबास पहिला उपाय आणि शेजाऱ्याची फेरी पुरेशी होऊ शकेल. हिवाळाभर बंद राहणाऱ्या बंगल्यास दुसरा उपाय अधिक हितावह आहे. जेथे थंडीतही संच अधूनमधून चालवावा लागतो, त्या कार्यशाळेस तिसरा मानवतो. प्रत्यक्ष काम अनुभवी प्लंबरकडून करून घ्यावे, परंतु त्याने काय केले आणि का केले, याची माहिती घरमालकास असलीच पाहिजे.

लडाखसारख्या आपल्याच देशातील उंच प्रदेशात हिवाळ्यात नळांतील पाणी गोठते, तेव्हाही हेच तत्त्व लागू पडते. तळघरातील बॉयलर असो, सैनिकांच्या निवासातील नळ असो वा गॅरेजच्या जमिनीतील विस्मरणात गेलेली नळी असो, थांबलेले पाणी आणि शून्याखालील थंडी यांची गाठ पडू न देणे, एवढेच माणसाच्या हाती असते. ही दक्षता पहिला बर्फ पडण्यापूर्वी घेतली, तर एका दिवसाचे काम पुरते. ती टाळली तर वसंत ऋतूत जमीन फोडण्याची पाळी येते.